वाळ्याच्या पडद्यामागची खोली

बाबा, तुम्ही ज्या बंगल्याची राखण केली तो आता तिकीट काढून पाहावा लागतो. मालक मंडळी शहरातल्या सिव्हिल लाइन्समधून उन्हाळ्यापुरती तिथे राहायला यायची. आता त्यांचे पलंग, पंखे, शिकारीचे फोटो दोरीपलीकडे मांडून ठेवलेत आणि बाहेर हिरवळीवर लग्नं लागतात. तुमच्या नातीला तिथेच लग्न करायचंय. मी नाहीच म्हणणार होते, तरी काल तिच्यासोबत बघायला गेले.

पश्चिमेच्या खोलीला अजून वाळ्याचे पडदे आहेत, पण कोरडे ठणठणीत, नुसते शोभेचे. आत एसी, आणि वासासाठी खसचं, म्हणजे वाळ्याचंच अत्तर मारतात म्हणे. त्या वासानं मी दारातच थबकले. मी लहान आहे, मे महिना आहे, लू सुटलीय, तुम्ही बादली घेऊन पडदे भिजवताय. आत गारवा, बाहेर तुमची पाठ भाजतेय. मला ताप चढलाय आणि मागची आपली पत्र्याची खोली म्हणजे भट्टी. मालक मंडळी भेडाघाटचा धबधबा बघायला गेलीत, म्हणून तुम्ही मला उचलून पडद्याआड फरशीवर निजवता. डोळा लागतो न लागतो तोच बाईसाहेब परत येऊन दारात.

"ही इथे काहून झोपून राहिली?"

"ताप आहे जी तिला. चुकलंच माझं. आत्ता उठवतो."

तुम्ही मला भिंतीला टेकवून बसवलंत आणि मी निजले होते तेवढी फरशी गमछ्यानं पुसून काढलीत. बाईसाहेबांनी तसं सांगितलंही नव्हतं. त्यांचं बोलणं मी केव्हाच सोडून दिलं, बाबा. तुमचं ते पुसणं मात्र अजून डोळ्यांपुढून जात नाही. आज असतात तर कडाकडा भांडले असते तुमच्याशी.

"मम्मी, ये वाला रूम दुल्हन का है!" म्हणत लेक चपला न काढताच तिथल्या नव्या गादीवर आडवी झाली. मॅनेजर लगबगीनं आत आला. तिला उठवायला माझा हात पुढे गेलासुद्धा. तो म्हणाला, "आराम से लेटिए, दीदी," आणि एसी वाढवून तिच्यासाठी पन्हं मागवलं.

तिचा चेहरा बघून मला नाही म्हणवेना. तारीख नक्की करून आले. घरी सगळे म्हणतात, आज बाबा असते तर केवढे खूश झाले असते, आणि मी मान डोलावते. लेकीला मी यातलं काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. हे तुम्हालाच, आणि तेही कुठे पोचायचं नाही म्हणून सांगते. ती तशी निवांत पडली होती तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पोटच्या पोरीचा मला हेवा वाटला.