बाबांचा उजवा हात आणि एक कप्पी

रवि. ८ फेब्रु.
दोन महिने खपून केलेला रोबो-हात आज जेवताना बाबांसमोर मांडला. चमचा भरतो, तोंडापर्यंत नेतो, थांबतो. एक शीत सांडलं नाही. बाबांनी तोंडच उघडलं नाही. ‘चमच्यानं दवाखान्यातले लोक जेवतात वं.’ मग रोजच्यासारखं आईनं भरवलं. मान खाली घालून जेवले. मला आधी राग आला, मग रडू.

मंगळ. १०
डॉ.चं तेच. स्कूटरवरून पडताना खांद्याची शीर गेली ती गेली. बोटं शाबूत, पण हात उचलायचा नाही. डाव्यानं जेवायला बाबा तयार नाहीत, आठ महिने झाले. म्हणजे यंत्रच चुकलं. मिहानातल्या कारखान्यात दिवसभर रोबो जुळवते आणि घरचं एवढं कळू नये? चमचा नकोच. बाबांचाच हात वर न्यायचा.

शनि. १४
हाताला पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरी मोटरला. मोटर गुरगुरली आणि बंद. दोरी मी कोपराजवळ बांधलेली. बाबा किती दिवसांनी हसले! ‘दार कडीकडून ढकलतात. बिजागरीकडून कोण ढकलते वं?’ इंजिनीअर म्हणे मी. दोरी मनगटाकडे सरकवली. हात उचलला, पण धक्के खात.

रवि. १५
बाबांनी उमरेडला चाळीस वर्षं माग चालवला. आज तो मला समजावला. वर कप्पी, दोन्हीकडे धाग्यांच्या चौकटी, खाली पायानं दाबायच्या पट्ट्या. ‘एक खाली गेली का दुसरी वर येते. पायाले जोर लागतच नाही.’
तेच केलं. टेबलाला उभा दांडा, वर कप्पी, पलीकडे हाताच्या भाराइतकी रेतीची पिशवी. त्यासाठी कोपर टेबलावर टेकवून मनगट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. किलोभरही नाही. आई म्हणाली, ‘एवढासाच?’ या हातानं आम्हा तिघा भावंडांना…
जाऊ दे. होती त्यातली सगळ्यात लहान मोटर पुरली.

रवि. २२
वरण-भात. बाबांनी स्वतः कालवला. डाव्या हातानं बटण दाबलं, उजवा सावकाश वर गेला. पहिला घास. आई उगाच पोळ्या मोजत राहिली.
दुसरा घास घेऊन बाबा आईकडे वळायला लागले आणि पट्टा अडला. दांडा फिरतच नाही ना.
‘काहून वं, हे माह्याकडंच येते? आठ महिने तुही माय माह्यामागून थंडं जेवून राहिली.’
‘जेवा जी गुपचूप,’ आई म्हणाली. ‘पोरीसमोर काय हे.’
बाबांना जेवता यावं एवढंच मी मापलं होतं. त्यांनाही कुणाला भरवायचं असेल, हे मनातच आलं नाही. लाज वाटली. दांड्याखाली फिरती बैठक लागेल.
पण ते पुढच्या रविवारी. आत्ता आई पुढे वाकत नाही, बाबा घास खाली ठेवत नाहीत. म्हणून मीच उठून आतल्या खोलीत आले.