सुमंगला मिसची नदी

१२ मार्च
सईच्या वर्गातल्या पालकांचा ग्रुप सकाळपासून वाजतोय. कन्नडच्या सुमंगला मिस शाळा सोडायचं म्हणतायत. निरोपाला काय द्यायचं? सूनबाई म्हणाली, "बाबा, साडी नाहीतर घड्याळ. सगळे तेच म्हणतायत." म्हटलं, घड्याळ देऊन वेळ भरली म्हणून सांगायचं का? हसली. पण नातीचं तोंड पडलेलं. गेल्या जूनमध्ये वर्गात मुकी बसणारी पोर. आता आंघोळीतसुद्धा मिसनी रचलेली नदीची कविता चालू असते.

१३ मार्च
जयनगरच्या भाजीबाजारात मिस भेटल्या. का सोडताय, विचारलंच.
"पालक मार्कांचं तेवढं विचारतात, अज्जा. शिकवलेलं घरी पोचतं की नाही, कुणाला ठाऊक." कोथिंबिरीच्या जुड्या बघता बघता म्हणाल्या. म्हणून जास्त लागलं.
निपाणीची आमची शाळा आठवली. वर्षअखेरीला आईबापांनी पोरांच्या बाकांवर बसायचं आणि पोरांनी घरी शिकवलेली कविता म्हणायची. वडील तंबाखूच्या वखारीतून थेट यायचे, टोपी हातात. अडखळायचे. गुरुजी काय खुलायचे…
ठरलं.

१५ मार्च
ग्रुपवर लिहून टाकलं. चिरंजीव म्हणतात, "बाबा, ऑफिसातली माणसं कन्नड कविता पाठ करणार?" करतील. मुलं करून घेतील. आमच्याकडे सई लाटणं घेऊन समोर बसते. सूनबाई पास. मी दुसऱ्या कडव्यात नापास. सीमेवरचं माझं कन्नड बाजारापुरतं.

२२ मार्च
बाकं फारच लहान, गुडघे छातीशी. तरी जवळजवळ सगळे आले. मुलं भिंतीशी उभी, ओठ हलवत. मिस दारातच थबकल्या. आम्ही त्यांचीच नदीची कविता सुरू केली. पहिलं कडवं झकास. दुसऱ्यात मी ठरल्याप्रमाणे अडकलो. सई सांगायला पुढं आली, तर मिसनी तिला हातानंच थांबवलं.
"अज्जा, स्वल्प निधाना." सावकाश, सावकाश. ओळ त्यांनी दिली, मी उचलली. मग त्यांनी खडू घेतला, ओळ फळ्यावर लिहिली आणि सगळ्यांकडून पुन्हा म्हणून घेतली.
निघताना मला म्हणाल्या, "तुमचं दुसरं कडवं कच्चं आहे. जूनमध्ये परत म्हणून घेईन."
जूनमध्ये.
सई विचारणार होती, मी तिचा हात दाबला. असं विचारायचं नसतं. कडवं घोकतोय.