सवडीच्या रांगेतली कॅसेट

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (एरवी नुसत्या नमस्कारावर भागवलं असतं, साष्टांग का, ते शेवटी कळेल.) इकडे आम्ही ठणठणीत. आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना नाही, म्हणून ती माझ्या कामाच्या ठिकाणी लिफ्टने वर येते आणि ऐटीत जिन्याने खाली जाते. तुझी पाठ कशी आहे? भावोजींचा खोकला? मेसेजवर विचारलं की तू नुसता अंगठा पाठवतेस, आणि अंगठ्यावरून पाठीचं काही कळत नाही, म्हणून कागद हाती घेतला.

आमचा धंदा जुन्या आवाजांचा, हे तू जाणतेसच. लोक खरखरणाऱ्या कॅसेटी आणतात, आम्ही त्या कॉम्प्युटरवर घेतो आणि खरखर काढून आवाज तेवढा परत देतो. खरं काम मशीन करतं आणि अगदी सावकाश करतं. एका कॅसेटला कधी अख्खी दुपार. मशीन एकच, त्यामुळे आधी कुणाचं काम लावायचं यावरून भागीदाराची आणि माझी रोज जुंपायची. तो मशीनवर स्वतःच्या कामाची चिठ्ठी चिकटवायचा, मी तिच्यावर माझी चिकटवायचो. शेवटी चिठ्ठ्यांनी मशीनची हवा अडली आणि ते तापून बंद पडलं.

तेव्हा मी रांगेचा सर्व्हर बसवायचं मनावर घेतलं. कल्पना सोपी. कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम चालू ठेवायचा. आपण ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडायचं, फाइल टाकायची, काम तातडीचं, नेहमीचं की सवडीचं ते निवडायचं आणि विसरून जायचं. मशीन रिकामं झालं की सर्व्हरच त्याला पुढचं काम देतो, भांडायला माणूस लागत नाही. ही सोपी कल्पना जमवताना माझ्या नाकी नऊ आले. आधी पानच उघडेना. दिवसभर सगळी सेटिंग पालथी घातली, मग कळलं की भागीदाराने चहाची किटली लावायला सर्व्हरची वायर काढली होती. (त्याचं म्हणणं, ते खोकं काहीच करत नव्हतं, नुसतं बसलं होतं. सर्व्हरचं कामच बसून वाट पाहण्याचं, हे त्याला पटवेपर्यंत किटलीतलं पाणी आटलं.) मग चाचणीसाठी मी स्वतःची शिंक रेकॉर्ड करून टाकली आणि काम फसलं तर पुन्हा लाव, अशी सूचना दिली. किती वेळा, ते सांगायचं राहिलं. शिंकेतून गोंगाट काढला की मागे काहीच उरत नाही, म्हणजे मशीनच्या मते काम फसलेलं. आम्ही सुट्टीवरून परतलो तेव्हा ते इमानेइतबारे तीच शिंक धूत बसलं होतं.

पण एकदाचं चालू लागलं, आणि ताई, दुपारी आमच्या खोलीत येऊन बसच. भिंतींना जाड कापड, खिडकीला पडदा, उन्हाची एक पट्टी टेबलावरून सरकत सरकत जमिनीवर उतरते. स्क्रीनवर एकेक काम ‘थांबलंय’वरून ‘चालू’वर जातं, ‘चालू’वरून ‘झालं’वर. हेडफोनमध्ये कुणाची तरी मावशी धुक्यातून जवळ यावी तशी स्पष्ट होत जाते आणि कुणाला तरी दार लावून घ्यायला सांगते. ते दार आता नसेल, कदाचित मावशीही नसेल. ऐकता ऐकता माझा डोळा लागतो. परवा स्वप्नात मीच रांगेत उभा होतो. रांग कुठे जाते ते दिसत नव्हतं. सगळे हलक्या आवाजात ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणत होते आणि रांग हळूहळू मागे सरकत होती. फार बरं वाटत होतं. जाग आली तेव्हा गालावर की-बोर्ड उमटला होता.

त्याच सुखाच्या भरात मी रांग घरच्यांनाही खुली केली. तुला लिंक पाठवली, आईला मोबाइलवर लावून दिली. तू तुमच्या गाण्याच्या ग्रुपची तालीम दर आठवड्याला टाकतेस, आणि दर वेळी ‘तातडीचं’. आईने एकच काम टाकलं, मी कॉम्प्युटरवर उतरवून दिलेली बाबांची कॅसेट. आठवतंय, टेपरेकॉर्डर नवा होता तेव्हा बाबा आपल्याला गोष्ट रेकॉर्ड करून देणार होते? त्यांनी बटण दाबलं, घसा खाकरला, ‘झालं का चालू?’ विचारलं, ‘एक होता’ म्हणाले आणि झोपले. पुढे सगळी बाजूभर घोरणं, पंखा, आणि त्यांना कुणी उठवायचं यावरून आपली कुजबुज. ते गेल्यावर त्यांचा तेवढाच आवाज घरात उरला. आईने कामासोबत सूचना लिहिली, ‘पंखा काढावा, घोरणं ठेवावं’, आणि निवडलं ‘सवडीचं’.

आता रांगेची रीत अशी की तातडीचं आधी, मग नेहमीचं, आणि दोन्ही संपली तरच सवडीचं. ती कधी संपत नाहीत. रांगेचा मालक मीच, म्हणून मी बाबांची कॅसेट उचलून सगळ्यात वर ठेवली आणि चहाला गेलो. येऊन पाहतो तर पुन्हा तळाशी. परत वर ठेवली, परत खाली. सर्व्हर बिघडला म्हणून मी तो पुसून नव्याने बसवला (त्यात भागीदाराची कामं गेली, तो अजून माझ्याशी बोलत नाही). कॅसेट पुन्हा टाकून वर ठेवली, तरी तेच. शेवटी घरी आईला म्हटलं, तुझं काम काही केल्या वर टिकत नाही. ती भाजी चिरत होती.

“मीच घेते रे मोबाइलवरून खाली,” ती म्हणाली. “लोकांची कामं अडतात.”

“अगं, बाबांची कॅसेट आहे ती.”

“मग पळून चाललीय का? थोरली आली की तिघं मिळून ऐकू.”

तिला सांगितलंस का, असं विचारलं तर म्हणाली, “नको. तिच्यामागे काय कमी कामं आहेत?”

मला फार वाईट वाटलं, ताई. तू येते येते म्हणून दोनदा पुढे ढकललंस, आणि दोन्ही वेळा आईने फोनवर ‘काही हरकत नाही’ म्हटलं, ते मी शेजारी बसून ऐकलं होतं. तेव्हा मला ते खरंच वाटलं होतं.

भावोजींना नमस्कार, भाचीला पापा.

तुझा,
धाकटा

ता. क. साष्टांगाचं कारण : या आठवड्याची तुमची तालीम रांगेतून काढून घे. (तसंही वरच्या सुराला तू घसरली आहेस, आणि ते मशीनला निघत नाही.)

आणखी एक ता. क. तालीम राहू दे रांगेत. तू ये. मी हे पत्र लिहिल्याचं आईला माहीत नाही.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवायच्या आत आईने पत्र वाचलं आणि माझ्यावर रागावली. म्हणाली, “तिला लिही, घाई नाही, सवडीने ये.” तेव्हा आईच्या सांगण्यावरून लिहितो, सवडीने ये. आपल्या आईच्या रांगेत सवडीच्या कामाचं काय होतं, ते वर लिहिलंच आहे.