सकाळची फेरी

मंगळवार, १४ नोव्हेंबर

भाऊजी,

आणि वर माइक हातात घेऊन! शंभर-दीडशे माणसं, पोरंबाळं, जुन्या मोटरसायकली बघायला लांबून आलेले पाहुणे, आणि त्यांच्यासमोर सख्ख्या मोठ्या भावाला म्हणता, "आमच्या दादांनी सकाळी झोप काढली आणि दुपारी रेस काढली!" लोक हसले. दातांचा डॉक्टर तर स्वतःच्या गाडीच्या टाकीवर हात आपटून हसला. तुम्हाला अजून दोन वाक्यं सुचत होती, दिसत होतं तोंडावर. पण तोवर ह्यांनी जिंकलेला कप टेबलावर परत ठेवला होता, म्हणून गप्प बसलात.

तुम्ही सगळे मजेत असाल. असणारच. आम्ही कसे आहोत ते विचारायची तसदी घेऊ नका.

फोन उचलत नाही म्हणून लिहिते आहे. रेस झाल्यापासून नऊ दिवसांत सात वेळा केला. हे पाकीट तुमच्या बायकोच्या हातात देणार आहे, म्हणजे मिळालंच नाही असं म्हणायची सोय राहणार नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षर गिचमिड आहे, तरी शेवटपर्यंत वाचा. मध्येच टाकून द्याल तर नुकसान तुमचंच आहे.

रेस कुणी भरवली ते आधी बघू. जुन्या धावपट्टीच्या परवानगीसाठी तीन खेटे मी घातले. वळणावळणावर गवताचे भारे मी रचून घेतले, रुग्णवाहिका मी सांगितली. टायरवाल्याच्या दुकानात दोन तास ठाण मांडून बसले, तेव्हा कुठे त्याने पहिल्या नंबरला टायरची जोडी कबूल केली. अठरा गाड्यांचे नंबर ह्यांनी रंगवले, गुडघ्यावर बसून. तुम्ही काय केलं? टोपी घालून भाषण.

आणि शनिवारी क्लबची चिठ्ठी येते. खाली अध्यक्ष म्हणून तुमची सही. रविवारी, १९ तारखेला सभा, विषय एकच. वेळ चोरल्याबद्दल ह्यांना क्लबातून काढायचं. तुमच्या सगळ्यांच्या गाड्यांचे बाजारात न मिळणारे भाग तीस वर्षं ज्याने आपल्या लेथवर कातून दिले, त्या माणसाला. ह्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली, खिशात ठेवली आणि "बरं" म्हणाले. अशा चिठ्ठीला बरं म्हणाले, भाऊजी. मला तेव्हाच धस्स झालं. का ते पुढे सांगते.

नियम मला शिकवू नका. अकरा वर्षं सकाळचं घड्याळ मी धरते. हळू गाडी आधी सोडायची, वेगवान गाडी मागून सोडायची, म्हणजे शेवटच्या फेरीला सगळे एकमेकांच्या अंगावर येतात आणि बघणाऱ्याला मजा येते. कुणाला किती आधी सोडायचं ते सकाळच्या फेरीवरून ठरतं. रेस चार फेऱ्यांची, म्हणून सकाळच्या एका फेरीत जो मुद्दाम रेंगाळतो त्याला दुपारी चौपट सूट मिळते. तसं होऊ नये म्हणून तुमचा नियम. दुपारची एक जरी फेरी सकाळपेक्षा दोन सेकंदांहून जास्त लवकर मारली तर माणूस बाद. ह्यांची सकाळची फेरी वहीत दोन मिनिटं चौदा सेकंद. दुपारच्या फेऱ्या बेकरीवाल्याने मोजल्या, दोन मिनिटं अकरा. तीन सेकंदांचा फरक. बाद. कप तुम्हाला, टायर तुम्हाला, कारण दुसरे तुम्ही आला होतात. कागदावर सगळं कसं चोख आहे.

आता माझं ऐका. हे सकाळी रेंगाळले नाहीत. त्या माणसाला रेंगाळता येत नाही. सकाळच्या फेरीलासुद्धा छाती पेट्रोलच्या टाकीला टेकवून जातात. दरवर्षी मी सांगते, "अहो, जरा दमानं घ्या. बाकीचे बघा कसे जातात." तर म्हणतात, "गाडीला काय सांगू? आज खोटं खोटं पळ?"

आणि बाकीचे म्हणजे कोण? पाण्याच्या टाकीमागे गाडी दिसेनाशी होते, तेवढ्यात तुम्ही काय करता ते मला कळत नाही असं वाटतं? दिसत नाही, पण ऐकू येतं. आवाज बसतो. जरा वेळ वेग सोडता तेवढा बसतो आणि परत चढतो. डॉक्टरचा बसतो, बेकरीवाल्याच्या मेव्हण्याचा बसतो, आणि सगळ्यांत सफाईने तुमचा बसतो. दोन सेकंदांची मुभा आहे ना, मग दीडच खायचे. नियमात बसेल एवढंच. अकरा वर्षांच्या वह्या माझ्या फळीवर आहेत, एका बाजूला सकाळ, दुसऱ्या बाजूला दुपार. तुम्हा सगळ्यांच्या नावापुढे दोन्हींत दीड-दीडचं अंतर आहे. दोन्ही बाजू सारख्या असलेला माणूस एकच. म्हणून तर तो अकरा वर्षांत एकदाही पहिल्या तिघांत आला नाही.

मी कधी बोलले नाही. घड्याळ धरणाऱ्या बाईने बोलायचं नसतं. तुम्हीच एका बक्षीस समारंभात म्हणाला होता, "आमची वहिनी म्हणजे खांब. खांबाला कुणाची बाजू नसते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग वहीत चौदा कुठून आले? हे विचारायची अक्कल तुम्हाला त्या दिवशीच यायला हवी होती. भावाला ओळखता ना? पण तुम्हाला कप दिसत होता.

घड्याळ बिघडलं होतं, असं आधी लिहिलं होतं मी. तो कागद फाडला. घड्याळ उत्तम आहे.

त्या सकाळी तुमची फेरी ह्यांच्या आधी झाली. टाकीमागे आवाज बसला, नेहमीसारखा. पण या वेळी बाहेर आल्यावर तुम्ही माझ्याकडे बघून हात केलात. हसून. जशी काही मी तुमच्यात आहे. माझ्या अंगाची लाही झाली. लगेच हे निघाले. टाकीमागून आवाज आला तो जरासुद्धा न बसलेला, इंजिन नुसतं बोंबलत होतं. वळणावरून आले, पांढरी रेघ ओलांडली, आणि माझा अंगठा बटणावर तसाच राहिला. मनात आलं, दीड सेकंद. सगळे घेतात तेवढंच. हे घेत नाहीत तर मी देते. देऊ की नको, देऊ की नको, अशी उभी राहिले आणि दाबलं तेव्हा तीन झाले होते.

दीड दिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. मला चोरीसुद्धा धड जमली नाही. तुमच्यासारखा सराव नाही ना.

खोडता आलं असतं. पुन्हा एक फेरी मारा म्हणता आलं असतं. हे गाडी ढकलत आले, घामाने निथळत, आणि "किती?" म्हणाले. मी म्हटलं, "चौदा." म्हणाले, "चौदा? म्हातारा झालो की काय मी?" आणि हसले. मी वहीत चौदा लिहिलं.

दुपारी पहिले आले तेव्हा हेल्मेटचा पट्टा सोडायचंच विसरले. मी सोडला. तोंड असं झालं होतं, लग्नाच्या फोटोतसुद्धा तसं नाही. ते तुम्ही बघितलं नाहीत. तुम्ही माइक शोधत होतात.

त्यानंतरच्या बुधवारी, चहा झाल्यावर, ह्यांनी माझ्याकडे ते घड्याळ मागितलं. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळाखाली उभे राहिले आणि पाच मिनिटं लावून बघितली. मग परत पाच मिनिटं. मी मोरीशी कप विसळत होते. दहा मिनिटं एकच कप. शेवटी म्हणाले, "घड्याळ बरोबर आहे." दोरी नीट गुंडाळली, डबीत ठेवलं, डबी माझ्या हातात दिली. माझ्याकडे बघितलं नाही.

त्या दिवसापासून त्या विषयावर एक शब्द नाही. शेडला कुलूप आहे. डॉक्टरच्या चाकाचा बुश लेथवर अर्धा कातलेला तसाच अडकून पडलाय. गाडीवर चादर टाकलीय, आणि आपल्याकडे गाडीवर चादर कधी टाकतात ते तुम्हाला माहीत आहे. विकायची असली की.

कळलं का आता? ज्याला केसाएवढा फरक बोटाने कळतो त्याला तीन सेकंद कळले नसतील होय? गाडी रेंगाळली नाही, घड्याळ बरोबर आहे, मग राहिलं कोण? म्हणून तो माणूस चिठ्ठीला बरं म्हणाला. रविवारी सभेत खाली मान घालून बसेल, तुम्ही सगळे चोर म्हणाल ते ऐकून घेईल, आणि घरी येऊन माझ्या हातचं जेवेल. मला शिव्या दिल्या असत्या तर मीही दोन हासडल्या असत्या आणि विषय मिटला असता. हे असलं मला पचत नाही.

तर काय करायचं ते सांगते. विचारत नाही.

सभेत मी उभी राहणार आणि अंगठा माझा होता हे सांगणार. माझ्या हातातून घड्याळ काढून घ्या, मला धावपट्टीवर पाऊल टाकू देऊ नका, चालेल. कप आणि टायर तुम्हालाच लखलाभ. पण ह्यांनी वेळ चोरली नाही हे तुम्ही सांगायचं, त्याच माइकवरून, तेवढ्याच मोठ्याने. नाही सांगितलंत तर मी वह्या घेऊन येईन आणि अकराच्या अकरा वर्षं वाचून दाखवीन. मला वाचायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे. माणसं जेवायला जाऊ शकणार नाहीत.

पण त्याआधी ह्यांना घरात सांगायला हवं. सभेत चार लोकांत माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकायची वेळ त्यांच्यावर यायला नको. आणि तेच मला होत नाही. रोज ताट वाढताना ठरवते आणि "मीठ बरोबर आहे ना" एवढं विचारून परत येते. तुमच्याशी एवढी भांडते आहे, पण त्या माणसासमोर माझी जीभ लुळी पडते. तो काय म्हणेल याची भीती नाही. तो "मला माहीत होतं" म्हणेल, त्याची आहे.

म्हणून तुम्ही या. शुक्रवारी संध्याकाळी. एकटे या. भाषण नको, माफी नको, ती सभेसाठी ठेवा. नुसते खुर्चीवर बसा. तिसरं माणूस समोर असलं की मला तोंड फुटतं.

तुम्हाला का, तर दुसरं कुणी नाही म्हणून. आणि लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही चौदा वर्षांचे होता. मला घड्याळ वाचता येत नाही हे तुमच्या लक्षात आलं, आणि मागच्या पायरीवर बसून मिनिटकाटा, सेकंदकाटा तुम्ही मला शिकवलात. सासूबाईंना सांगितलं नाहीत, ह्यांनाही आजवर सांगितलं नाहीत. तेवढ्यावर तुम्हाला बोलावते आहे. बाकी तुमच्या खात्यात माझ्याकडे सध्या काही नाही.

येतो किंवा येत नाही, दोनांतलं एक लिहा. मधलं काही लिहू नका, विचार करून कळवतो वगैरे चालणार नाही. चिठ्ठी तुमच्या बायकोकडे ठेवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन. मोठी म्हणून शेवटी आशीर्वाद लिहायचे असतात, ते अडवून ठेवले आहेत. गुरुवारी, १६ तारखेला, दिवे लागायच्या आत मला उत्तर पाहिजे.

वहिनी