काठोकाठ भरलेली बशी

मिस्त्री, परवा एक ज्वालामुखी चढून आलो. हसू नका. ईदच्या सुट्टीत मुलाने विमानात घालून नेलं. तो इथे आखातात, वेस्ट बेमध्ये इंजिनिअर आहे, घर अल अझीझियाला, आणि मी त्याच्याकडे राहून अजून परांची बांधणाऱ्यांचा फोरमन. विश्वचषकासाठी स्टेडियम उभं राहतंय, त्याच्या छपराखालचं शेवटचं गोल कडं बांधायचं काम आमच्याकडे आहे. ते वर उभं राहून डोळे भरून बघायचं आणि मग गावी जायचं, एवढीच हौस उरलीय.

वाटाड्याने निघतानाच सांगितलं होतं, दमलात तर बोला. कोण बोलतो? सगळी राखेची वाट, पाऊल टाकावं तर अर्धं मागे घसरतं. नात पुढून ओरडते, "आजोबा, कम फास्ट! लेक दिसतोय!" "आलो गं, तळं काय पळून जातंय?" म्हणतो खरा, पण छातीचा भाता झालेला, आणि डोळ्यांपुढे तळ्याऐवजी तुमची बशी.

तुमच्या हाताखाली बांबूची परांची शिकत होतो, तेव्हा तुम्ही कधी कुणाला दमलास का म्हणून विचारलं नाहीत. दुपारच्या चहाला बशी काठोकाठ भरायची, पहिली स्वतः उचलायची, मग एकेकाच्या हातात द्यायची आणि त्याच्या बोटांकडे बघत राहायचं. ज्याची सांडली तो त्या दिवशी बांबूवर चढणार नाही, खाली बसून सुंभाच्या गाठी सोडवणार. माझी सांडली तेव्हा मी म्हटलं, "मिस्त्री, बशी पोळली." "तोंड खोटं बोलतं रे गाढवा, हात नाही बोलत. बस खाली." दिवसभर मी फुगून बसलो. संध्याकाळी तुमच्या डब्यातली भाकरी माझ्यापुढे सरकवलीत, तेव्हा कुठे राग उतरला.

तर वर पोचलो. खाली ज्वालामुखीच्या तोंडात तळं असं निळं आणि शांत, जसं परातीत पाणी ठेवलंय. वाटाड्याने थर्मासमधला चहा दिला आणि अर्धा माझ्या बुटांवर गेला. "डोंगराला नैवेद्य," मी म्हटलं. मुलगा हसला. नात जवळ येऊन हळूच म्हणाली, "आजोबा, युअर हँड इज शेकिंग." उतरताना मुलाचा खांदा धरला, तो पायथ्याशीच सोडला.

इथे कामावर मी दुपारी पोरांना रांगेत विचारतो, "कोई थका है?" "नहीं, उस्ताद." "यल्ला, चढो." आणि सगळे ठीक असल्याच्या कागदावर सही ठोकतो. नवा फोरमन होतो तेव्हा मीही बशी द्यायचो, तुमच्यासारखीच, पहिली स्वतः उचलून. मग बंद केली. मुदत जवळ आली, वेळ कुठाय, असं सगळ्यांना सांगितलं.

आज ओट्याशी उभं राहून बशी भरली. सांडली. पुन्हा भरली, पुन्हा सांडली. सुनेने फडकं पुढे केलं. उद्या सकाळी साइट ऑफिसात सांगायचं, की मी आता वर चढणार नाही, आणि दुपारपासून पोरांना पुन्हा बशी. कडं खालून बघेन, मान दुखेपर्यंत.

तुम्ही जाऊन वर्षं झाली, हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून लिहून टाकतो. बशी मुदतीमुळे बंद झाली नव्हती, मिस्त्री. पोरांच्या आधी माझीच सांडायला लागली होती.