गंगाआत्याची खरी उत्तरं

मांडवी, रत्नागिरी
५ जुलै २०२४

ती. गंगाआत्यास,
मनूचा सविनय जय भीम, वि. वि.

मी खुशाल आहे. आमच्या खोलीमालकीण सोनूबाई रोज वाटीभर आमटी पाठवतात आणि रोज विचारतात की संशोधन म्हणजे तू नक्की करतेस तरी काय. त्यांना सांगितलं तेच तुला सांगते. शाळेतून कॉलेजात, कॉलेजातून नोकरीत, लग्नात, निवृत्तीत जाताना माणसांना कसं वाटतं ते आम्ही विचारतो. फोनवर विचारलं की सगळे ‘बरं आहे’ म्हणून मोकळे होतात, म्हणून आमच्या मॅडमनी पत्रांची टूम काढली आहे.

तू मे महिन्यात शाळेतून निवृत्त झालीस आणि माझ्या हाताशी दुसरं गिऱ्हाईक नाही. तेव्हा सोबतच्या कागदावरचे प्रश्न सोडव. तुझं नाव बदलू, आमचं मत देणार नाही आणि हसणार नाही. यातलं शेवटचं मला जरा जड जाईल. बाबांच्या रक्तदाबाला आणि आईच्या रागाला माझा नमस्कार सांग.

लोभ आहेच, तो उत्तरासकट पाठव.
तुझी
मनस्वी

गावाहून, ता. मंडणगड
१४ जुलै २०२४

चि. मनस्वीस,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

प्रश्न मिळाले. उत्तरे क्रमाने लिहीत आहे. निवृत्तीमुळे मला वाचनास व बागकामास भरपूर वेळ मिळतो. भावाच्या कुटुंबात दिवस आनंदात जातात. मन प्रसन्न राहते. या बदलातून मी संयम हा गुण शिकले. प्रत्येकाने वेळेचा सदुपयोग करावा, असे मला वाटते.

नाव बदलणार असशील तर जरा झोकदार ठेव. मी शिकत होते तेव्हा वर्गात गंगा नावाच्या इतक्या मुली होत्या की गुरुजी आम्हाला आडनावानेच मारत.

कळावे. रात्रीचं जागरण करू नकोस, ही विनंती नव्हे.
तुझी
आत्या

मांडवी, रत्नागिरी
२२ जुलै २०२४

ती. आत्यास,
सविनय जय भीम, वि. वि.

तुझ्या पेपरला पैकीच्या पैकी मार्क, पण माझ्या उपयोगाचा एक शब्द नाही. मुलांकडून निबंध घोकून घ्यायचीस तसाच लिहिलास की गो. बागकाम म्हणे. आपल्या अंगणात एक पेरू आहे, त्यालाही आई पाणी घालते.

आईच फोनवर म्हणाली, तू रोज सकाळी इस्त्रीची साडी नेसून आठच्या गाडीने जातेस आणि दुपारी जेवायला परत येतेस. तिला वाटतं तू वाचनालयात जातेस. बाबांना वाटतं पेन्शनचे कागद अडलेत. आत्या, ती गाडी तुझ्या शाळेवरून जाते. मला काळजी वाटते, म्हणून विचारते. खरं काय ते लिही, मार्क कापणार नाही.

लोभ असावा, आणि थोडा विश्वासही.
तुझी
मनू

गावाहून
३ ऑगस्ट २०२४

चि. मनूस,
आशीर्वाद.

खरं लिहिते. जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या सकाळी मी सवयीने तयार झाले आणि गाडीत जाऊन बसले. शाळेचा थांबा आला तेव्हा भानावर आले. मुलं फाटकातून आत जात होती. मी उतरले नाही, उतरून करणार काय होते? तशीच मंडणगडला गेले आणि त्याच गाडीने परत आले. दुसऱ्या दिवशी सवयीचा बहाणा नव्हता, तरी गेले. फार पोरकं वाटत होतं गो. माझ्या वयाला हा शब्द शोभत नाही, पण दुसरा सापडत नाही.

त्याच गाडीत दीपक सकपाळ भेटले. ते याच रस्त्यावर कंडक्टर होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा मुंबईला असतो. त्यांनाही घरी करमत नाही. प्रवासी म्हणून बसतात आणि दर थांब्याला लोकांना पुढे सरकायला सांगतात. खरा कंडक्टर वैतागतो. माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवतात. गेल्या सोमवारी घाट चढताना त्यांनी मला लग्नाचं विचारलं. मी म्हटलं, मागची माणसं ऐकताहेत. ते म्हणाले, ऐकू द्या, तिकीट काढूनच बसलीयेत.

मला हो म्हणायचं आहे. हसायचं तर हसून घे. पण तुझ्या बाबाला कसं सांगू? राजाला मी हाताला धरून शाळेत नेलं. आता त्यानेच तोंड फिरवलं तर मला ते सोसणार नाही. तुमच्या संशोधनात असल्या बायका काय करतात ते कळव.

वाट पाहते.
आत्या

मांडवी, रत्नागिरी
११ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
जय भीम.

संशोधक म्हणून मला मत देता येत नाही, म्हणून हे पत्र तुझ्या भाचीचं समज. असल्या बायका आमच्याकडे अजून आलेल्याच नाहीत, तूच पहिली. तुझं पत्र सोनूबाईंच्या पायरीवर बसून वाचलं. आधी पोट धरून हसले आणि मग रडले. तू घरात असतेसच, एवढं आम्ही धरून चाललो. तुला कसं वाटतं हे विचारायला मला छापील कागद लागला, याची लाज वाटते.

बाबांना तूच सांग, आणि लवकर सांग. आठच्या गाडीतून अर्धा तालुका जातो. उशीर केलास तर बातमी तुझ्याआधी घरी उतरेल. मी फोन करणार नाही. माझ्यावर ते ओरडून मोकळे होतील, तुझ्यासमोर त्यांना विचार करावा लागेल.

होणाऱ्या मामांना... नव्हे, आत्याच्या नवऱ्याला काय म्हणायचं तेवढं ठरवून कळव.
तुझीच
मनू

गावाहून
२५ ऑगस्ट २०२४

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

सांगितलं. राजा भरल्या ताटावरून उठला. हात धुऊन आला आणि म्हणाला, या घरात तुला काय कमी पडलं? मी म्हटलं, “कमी काहीच पडलं नाही, राजा. पण कमी पडलं तरच माणसानं मागायचं का?” तो तसाच पडवीत निघून गेला. तुझ्या आईने मात्र स्वतःच्या ताटातला बांगडा माझ्या ताटात ठेवला, त्यावरून तिचं मत कळलं.

मग दोन दिवस अबोला. मी गाडीला गेले नाही. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. काल सकाळी राजा कुणाला न सांगता आठच्या गाडीत जाऊन बसला. दुपारी आला, पाय धुतले आणि पडवीत माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, माणूस सरळ आहे, पण बोलतो फार. पूर्ण घाट संपला तरी त्याने मला तोंड उघडू दिलं नाही. तुला जमणार आहे का हे?

मी म्हटलं, “जन्मभर वर्गात मीच बोलत आले रे. आता कुणीतरी माझ्याशी बोलावं असं वाटतं.”

राजाने उठून भिंतीवरचं कॅलेंडर आणलं. मग हळूच विचारलं, विहारात कधीची तारीख बघू?

रजेचं बघून ठेव. तुझ्या आईला एकटीला सगळं आवरायचं नाही. माझ्यावरचा लोभ आता दोघांत वाटून द्यावा लागेल, त्याची तयारी कर.
तुझी
गंगाआत्या