त्रेसष्टचा बॅरल

१२ मे १९७९
नवे मास्तर! ईस्टरला आले, आणि आज नादकाटा स्टँडवर आपटून म्हणतात, "चिमो, तुमचा सूर उतरलाय." सगळ्यांसमोर! अख्खा बँड माझ्या क्लॅरिनेटच्या सुरावर वाद्यं लावतो. सव्वीस वर्षं पहिली खुर्ची माझी.
मी म्हटलं, "थंडी आहे, मास्तर." मे महिना, वालेन्सियाचा! शर्ट पाठीला चिकटलेला.
खरं कारण कवळी. जानेवारीत बसवली. ओठ आवळायला गेलं की हलते. फक्त फिनाला ठाऊक. "सांगून टाक एकदा सगळ्यांना," म्हणते. बायकोचं काय जातंय! सांगितलं की जुलैच्या स्पर्धेत माझ्या खुर्चीवर रेमेई. मीच शिकवलेली पोरगी!

१५ मे
उपाय सापडला. माउथपीसखालचा लाकडी तुकडा, बॅरल — तो आखूड केला की सूर चढतो. माझा पासष्ट मिलिमीटरचा. बातिस्तकडे गेलो. करतो खुर्च्यांचे पाय, पण लेथ गावात त्याच्याकडेच. म्हटलं, एक चौसष्टचा कर, एक त्रेसष्टचा, आणि कुठे बोलू नकोस.
तो हसत सुटला. स्टुलावर बसून हसला.
"काय झालं रे?"
"काही नाही. गावात बॅरलची साथ आलीय."
विनोद म्हणे!

२० मे
चौसष्ट. अजून खालीच.

२७ मे
त्रेसष्ट! नादकाट्याशी तंतोतंत! मधले दोन-तीन सूर तेवढे शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखे वर उडतात. ते ओठ सैल सोडून सांभाळतो. सैल सोडण्यात सध्या माझा हात कोण धरणार!
आणि गंमत — माझ्या क्लॅरिनेटच्या रांगेतले बाकीचे अकराही आता खाली! मास्तर त्यांच्यावर ओरडले. मला इतका आनंद झाला की लिहायला लाज वाटते. लिहिला तरी.

३ जून
आज मी स्वतः रांगेला झापलं. "कानात भात भरलाय का रे?" रेमेईला तर नाव घेऊन — "हेच शिकवलं का मी तुला?" ती लालबुंद झाली. "चुकलं, काका." मागून साल्वा काहीतरी सुरू करणार, "अहो काका, आम्ही तर —" तोच रेमेईने त्याच्या बुटावर पाय दिला.
पोरीला वळण आहे. मीच लावलेलं.

१० जून
अकराच्या अकरा सुरात! एका आठवड्यात! मास्तर थक्क. मी मान खाली घालून नम्रपणे उभा. मास्तर व्हायला हवं होतं मी.

८ जुलै
फिना म्हणाली, "रांग एकदम सुधारली कशी, विचारलंस का?" कशाला विचारायचं? झापण्याचा गुण.

१५ जुलै, स्पर्धा
बैलांच्या रिंगणात भर दुपारी आमच्या पाळीची वाट बघत उभे. उन्हाने त्रेसष्टचा भलताच चढला. सूर उतरावा म्हणून थोडा बाहेर ओढून पाहिला, मधले सूर आणखीच बिघडले. चौसष्टचा घरी! रेमेईकडे जास्तीचा असेल म्हणून तिची पेटी मीच उघडली. "काका, नको —"
आत सदुसष्टचा. बातिस्तच्या हातचा. वर त्याचीच पेन्सिल: जानेवारी, चिमोकाकांसाठी.
साल्वाच्या पेटीतही एक. सगळ्यांच्या पेट्यांत एकेक. मी खाली घसरलो तसे अकराही जण, मला कळू न देता, माझ्याबरोबर खाली उतरले होते. आणि मी त्यांना झापलं!
डोळे भरून आले. घाम म्हणून पुसले.
मंचावर गेल्यावर मास्तर म्हणाले, "चिमो, सूर द्या."
रेमेईला हाताला धरून माझ्या खुर्चीवर बसवलं. सूर तिने दिला. मी तिच्या शेजारी बसलो आणि मिळवून घेतला.